पासवर्ड बरोबर, डिस्क भरलेली आणि १०२ जीबी बेपत्ता

लक्षण साधं होतं. लॅपटॉप नीट सुरू व्हायचा, लॉगिनचा पडदा यायचा, पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि पुन्हा लॉगिनचा तोच पडदा. एररचा पत्ता नाही. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला तर मात्र मशीन तसं स्पष्ट सांगायचं. म्हणजे ओळख पटत होती, पण पुढे डेस्कटॉप उभा राहत नव्हता. लिनक्सवाले याला ‘लॉगिन लूप’ म्हणतात. प्रत्येकाने तो कधी ना कधी पाहिलेला असतो, त्यामुळे प्रत्येकाकडे त्यावर एक ठरलेलं औषधही असतं. या प्रकरणातला अर्धा त्रास त्या औषधांनीच दिला.

मशीन असं: लिनक्स मिंट, २५६ जीबीची एसएसडी, त्यावर ईएक्सटी४ चं (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) एकच मोठं पार्टिशन. रूट (सगळ्या सिस्टिमचं मूळ फोल्डर) आणि होम (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइलींचं फोल्डर) दोन्ही त्यातच. बाहेरून जोडायची १ टीबीची डिस्क, तीही ईएक्सटी४. रोज मध्यरात्रीनंतर रूटच्या (इथे रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता) क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतून, एक छोटी स्क्रिप्ट चालायची आणि आरसिंक हे प्रती काढण्याचं साधन वापरून होम फोल्डरची प्रत त्या डिस्कवर ठेवायची. डिस्क जोडण्याची जागा होती ‘एमएनटी’खालचं ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे माउंट करायची (फोल्डरला जोडायची) याच्या यादीत, यूयूआयडी या ओळखक्रमांकासह तिची नोंद होती आणि पर्यायांत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी अडू नको) लिहिलेलं होतं. मालक नवखा नाही. टर्मिनलला घाबरत नाही, स्क्रिप्टही स्वतःचीच.

माझ्याकडे प्रकरण आलं तेव्हा बरेच उपाय करून झाले होते. नेमकं काय काय चालवलं ते बॅशच्या (टर्मिनलमध्ये आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या) इतिहासात सापडेना, कारण तो इतिहास होम फोल्डरमधल्या फाइलमध्ये लिहिला जातो आणि तिथे लिहायलाच जागा नव्हती. पण ‘सुडो’ने, म्हणजे रूटच्या अधिकाराने, चालवलेल्या प्रत्येक आज्ञेची नोंद सिस्टिमच्या जर्नलमध्ये (नोंदवहीत) होते, तिथून बहुतेक क्रम जुळवता आला.

पहिला सल्ला होता होममधल्या ‘एक्सऑथॉरिटी’ या लपलेल्या फाइलबद्दल. तो चुकीचा म्हणता येणार नाही. एखादा ग्राफिकल प्रोग्रॅम ‘सुडो’ने चालवला की कधीकधी या फाइलची मालकी रूटकडे जाते, मग वापरकर्त्याला स्वतःचंच सेशन उघडता येत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून मजकुरी कन्सोलमध्ये जायचं, फाइलची मालकी बघायची. मालकी व्यवस्थित होती. तरीही फाइल उडवली गेली, ‘तशीही ती नव्याने बनते’ म्हणून. ती बनली नाही. इथेच थांबून ‘का बनली नाही?’ असं विचारलं असतं तर पुढचा सगळा फेरा वाचला असता, कारण स्वतःच्याच होममध्ये शंभर-दीडशे बाइटची फाइल बनत नसेल तर कारणं मोजकीच उरतात. शिवाय कन्सोलमधून लॉगिन होत होतं आणि डेस्कटॉपमधून होत नव्हतं, हीसुद्धा खूणच होती. कन्सोलच्या लॉगिनला होममध्ये काही लिहावं लागत नाही. मिंटमधल्या लाइटडीएमला (लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) आणि डेस्कटॉप सेशनला लिहावं लागतं.

दुसरा सल्ला: ग्राफिक्स ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. हा जास्त महागात पडला. काढण्याचं काम झालं, टाकताना पॅकेज अर्धवट उघडलं गेलं आणि डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) ‘डिव्हाइसवर जागा नाही’ म्हणून मध्येच थांबला. आता मूळ दुखणं होतंच, वर अर्धवट बसलेली पॅकेजेस. मशीन नशिबाने नूवो या मुक्त ड्रायव्हरवर चालत राहिलं. ‘अरे, फॉरमॅट मार आणि दुसरं डिस्ट्रो टाक’ हा सल्लाही याच सुमारास आला. तो येतोच.

एक मात्र झालं. ‘जागा नाही’ हे शब्द प्रथमच डोळ्यांसमोर आले आणि कुणीतरी डीएफ, म्हणजे डिस्कची वापरलेली आणि मोकळी जागा दाखवणारी आज्ञा, चालवायला सांगितलं. एकूण २३३ जीबी, वापरलेली २३३, उपलब्ध शून्य, शंभर टक्के. (२५६ जीबीची एसएसडी १०२४ च्या हिशेबात साधारण २३८ भरते, त्यातून ईएफआयचं (मशीन सुरू करण्यासाठी लागणारं) छोटं पार्टिशन आणि फाइलसिस्टिमचा स्वतःचा जमाखर्च वजा जाऊन २३३.)

मग नेहमीची सफाई झाली. ॲप्टने उतरवून ठेवलेली पॅकेजेस, जुनी कर्नलं (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा), जर्नलच्या जुन्या फाइली, चित्रांच्या लघुप्रतींचा साठा. तीन जीबी मोकळे झाले. डीएफ पुन्हा चालवला. वापरलेली २३०, आणि उपलब्ध? शून्यच. लॉगिनही होईना.

या टप्प्यावर मंडळी चक्रावली. २३३ मधून २३० गेले तर तीन उरायला हवेत ना? डिस्क खराब झाली असणार, फाइलसिस्टिम बिघडली असणार, एफएससीके ही दुरुस्तीची आज्ञा चालवा, अशी सूचना आली. सुदैवाने ती चालवली गेली नाही. चालू, माउंट असलेल्या रूटवर एफएससीकेने दुरुस्ती करायला जाणं म्हणजे धडधाकट फाइलसिस्टिम बिघडवण्याची सोय. ती तपासायचीच तर सिस्टिम सुरू होताना किंवा लाइव्ह पेनड्राइव्हवरून तपासावी.

खरं तर आकड्यांत गौडबंगाल काहीच नव्हतं. ईएक्सटी४ बनवताना एकूण जागेच्या ५ टक्के भाग रूटसाठी राखीव ठेवला जातो. ही चाल जुन्या युनिक्सपासूनची आहे, बर्कलीच्या फास्ट फाइल सिस्टिममध्ये तर १० टक्के राखून ठेवत. हेतू दुहेरी: सामान्य वापरकर्त्याने डिस्क ठासून भरली तरी सिस्टिमच्या सेवा आणि ॲडमिन यांना श्वास घेता यावा, आणि पूर्ण भरलेल्या डिस्कवर फाइलींचे तुकडे विखुरत जातात ते कमी व्हावं. २३३ चे ५ टक्के म्हणजे जवळपास १२ जीबी. डीएफचा ‘उपलब्ध’ हा रकाना सामान्य वापरकर्त्याला मिळू शकणारी जागा दाखवतो, राखीव भाग वगळून. म्हणून तीन जीबी मोकळे केले तेव्हा ते आधी राखीव खड्ड्यात गेले. बारा भरून वर काही उरलं असतं तरच वापरकर्त्याच्या हाती काही लागलं असतं.

आणि इथेच या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे, जो पहिल्या डीएफपासून समोर होता. साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमने डिस्क भरली असती, म्हणजे ब्राउझर, व्हर्च्युअल मशीन, उतरवलेले व्हिडिओ वगैरेंनी, तर वापरलेला आकडा २२१ च्या आसपास अडला असता. त्यापुढे कर्नल त्याला एक बाइटही देत नाही. इथे आकडा २३३ पर्यंत गेला होता. राखीव जागेसकट सगळं खाणारा प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने चालत होता. संशयितांची यादी एकदम छोटी झाली: लॉग, पॅकेज व्यवस्था, टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (सिस्टिमच्या आधीच्या स्थितीच्या प्रती), आणि रूटच्या क्रॉनमधली कामं. शंभर टक्के हा आकडा सगळ्यांनी वाचला, २३३ कुणी वाचला नाही.

याच वेळी ट्यूनटूएफएस ही आज्ञा वापरून राखीव जागा ५ वरून १ टक्क्यावर आणण्याचा सल्लाही आला होता. तांत्रिकदृष्ट्या तो अचूक. माउंट असलेल्या फाइलसिस्टिमवरही ते करता येतं, सव्वादोन-अडीच जीबी राखीव राहिले असते, उरलेला पाऊणएक जीबी वापरकर्त्याला मिळाला असता आणि लॉगिन झालं असतं. म्हणूनच मला तो सगळ्यांत धोक्याचा वाटतो. ड्रायव्हरच्या सल्ल्याने निदान काही सुधारलं नाही, त्यामुळे शोध चालू राहिला. यानं लक्षण गेलं असतं, सगळ्यांनी पाठ थोपटली असती आणि शंभरेक जीबी खाणारी गोष्ट जागेवरच राहिली असती. मालकाने ते केलं नाही, कारण उपाय बदलण्याऐवजी त्याला आता आकडे जुळवायचे होते. तो फोन मला तिथून आला.

आकडे जुळवायचे म्हणजे डीएफसमोर डीयू ठेवायचा. दोघांची मोजण्याची पद्धतच वेगळी आहे. डीएफ फाइलसिस्टिमला थेट विचारतो की किती ब्लॉक (जागेचे ठरावीक तुकडे) वापरात आहेत. कोणत्या फाइलीत, ते त्याला माहीत नसतं. डीयू फोल्डर-फोल्डर फिरून दिसेल त्या प्रत्येक फाइलीची जागा मिळवत जातो. जे त्याला वाटेत दिसत नाही, ते बेरजेत येत नाही.

आधी कुणीतरी डीयू चालवलेला होताच, पण नुसता. त्याची बेरीज ७५० जीबीच्या पुढे गेली होती. २३३ जीबीच्या पार्टिशनवर ७५० जीबी! फाइलसिस्टिम बिघडल्याचा संशय पक्का झाला तो यामुळेच. पण नुसता डीयू वाटेत लागलेल्या इतर डिस्कांमध्येही शिरतो आणि बाहेरची बॅकअप डिस्क तेव्हा जोडलेली होती. त्याला ‘एक्स’ हा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे तो ज्या फाइलसिस्टिमवर सुरू झाला तिच्या बाहेर जात नाही. आणि तो रूटनेच चालवायचा, नाहीतर परवानगी नसलेली फोल्डरं बेरजेतून सुटतात.

तसा चालवल्यावर बेरीज आली १२८ जीबी. त्यातले १०८ एकट्या होमचे. डीएफ म्हणत होता २३०. फरक १०२ जीबी.

असा फरक पडायला ईएक्सटी४ वर ठळक कारणं दोनच. एक, पुसलेली पण अजून उघडी असलेली फाइल. एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून बसलेला असताना ती पुसली तर फोल्डरमधून नाव जातं, डीयूला ती दिसत नाही, पण प्रोग्रॅम बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. प्रचंड लॉग फाइल चालू सेवेच्या हातातच पुसली की हमखास असं होतं. एलएसओएफ या उघड्या फाइली दाखवणाऱ्या आज्ञेला ‘+एल१’ देऊन अशा फाइली दिसतात. इथे त्यात दखल घेण्यासारखं काही नव्हतं, आणि असण्याची शक्यताही कमीच होती: मशीन अनेकदा रीस्टार्ट झालेलं, आणि रीस्टार्टनंतर अशी अनाथ जागा फाइलसिस्टिम स्वतःच सोडून देते. (आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या नोंदी, संपले आहेत का तेही पाहिलं. लाखो बारीक फाइलींनी आयनोड संपले तरी ‘जागा नाही’ हीच एरर येते. इथे ते भरपूर होते.)

उरलं दुसरं कारण: एखाद्या माउंटच्या खाली दडलेल्या फाइली. लिनक्समध्ये डिस्क कुठल्याही फोल्डरवर माउंट करता येते, त्या फोल्डरमध्ये आधीपासून काही असलं तरी. आधीचं काही पुसलं जात नाही, फक्त दिसेनासं होतं. सांडलेलं न पुसता वरून सतरंजी अंथरावी तसं. डीएफला सांडलेलं मोजता येतं, डीयूला फक्त सतरंजी दिसते.

ती उचलून बघायला रीस्टार्ट लागत नाही. एक रिकामं फोल्डर बनवायचं आणि रूट फाइलसिस्टिम त्यावर बाइंड पद्धतीने पुन्हा माउंट करायची. साधा बाइंड माउंट पोटातले इतर माउंट सोबत आणत नाही, त्यामुळे या दुसऱ्या खिडकीतून रूट पार्टिशन जसं आहे तसं उघडं दिसतं. तिथे डीयू चालवला. ‘एमएनटी’खालच्या ‘बॅकअप’मध्ये १०२ जीबी.

आता रात्रीची हकिकत जर्नलमधून सरळ वाचता आली. त्या रात्री बाहेरची डिस्क जोडलेली नव्हती. क्रॉनने आपल्या वेळेला स्क्रिप्ट चालवली. आरसिंकला समोर ‘बॅकअप’ नावाचं रिकामं फोल्डर दिसलं, त्याच्या दृष्टीने ते एक फोल्डरच. डिस्क आहे की नाही हे विचारणं त्याचं काम नाही. एरवी रोज फक्त बदललेल्या फाइली जायच्या. रिकामं फोल्डर पाहून त्याने पूर्ण होम ओतायला सुरुवात केली. होम १०८ जीबीचं, राखीव धरून मोकळी जागा १०२. रूटच्या अधिकारात असल्याने तो राखीव जागेपाशीही थांबला नाही आणि शेवटी जागा संपल्याची एरर देऊन पडला.

ती एरर कुणाला कळली का? क्रॉन आपल्या कामांचं आउटपुट स्थानिक मेलने पाठवतो. डेस्कटॉप मशीनवर मेल पोचवणारा प्रोग्रॅम बहुधा नसतोच. जर्नलमध्ये त्या वेळेला क्रॉनची एक ओळ होती, मेलची व्यवस्था नसल्याने आउटपुट टाकून देत आहे अशा अर्थाची. ही ओळ कितीतरी डेस्कटॉपवर रोज उमटते आणि कुणी तिच्याकडे बघत नाही.

सकाळी मालकाला ब्राउझर विचित्र वागताना दिसला. शहाणपणा करून त्याने आधी बॅकअप डिस्क जोडली आणि मग रीस्टार्ट केलं. एफएसटॅबने डिस्क आपल्या जागी माउंट केली आणि १०२ जीबी तिच्याखाली झाकले गेले. डिस्क न जोडता रीस्टार्ट झालं असतं तर पहिल्याच डीयूमध्ये सगळं बाहेर आलं असतं.

‘नोफेल’ला दोष देण्याचा मोह होतो. तो मला मान्य नाही. तो पर्याय नसता तर डिस्क न जोडता मशीन सुरू करताना सिस्टिमडी (मशीन सुरू करताना सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) दीड मिनिट तिची वाट बघून आणीबाणीच्या कन्सोलमध्ये जाऊन बसला असता. लॅपटॉपला हे परवडत नाही. ‘नोफेल’ बरोबर, बॅकअप रूटने घेणंही बरोबर. मधला दुवा कुणी लिहिला नव्हता, एवढंच.

पुसण्याचा भाग सगळ्यांत नाजूक होता. पुसायचं फोल्डर आणि खरा बॅकअप यांचं नाव एकच, मार्ग जवळपास एकच. बाइंड माउंटचा मार्ग टाइप करताना पुढचा भाग राहिला तर आरएम ही पुसण्याची आज्ञा खऱ्या बॅकअपवर चालणार. म्हणून क्रम असा ठेवला: बाहेरची डिस्क अनमाउंट करून केबल हातानेच काढली. फाइंडमाउंट चालवून त्या फोल्डरवर काही माउंट नाही याची खात्री केली. बाइंड माउंटही उतरवला, कारण आता दडलेल्या फाइली मूळ मार्गावरच दिसत होत्या. मग होममधले मूळ दस्तऐवज शाबूत आहेत का ते काही फाइली उघडून पाहिलं, आणि तेव्हाच १०२ जीबी पुसले. प्रत अर्धवट होती, त्या रात्रीच्याच होमची होती, तिच्यात वेगळं असं काही नव्हतं.

लॉगिन लगेच झालं. ‘एक्सऑथॉरिटी’ आपोआप बनली. अर्धवट पॅकेजेस डीपीकेजीच्या ‘कॉन्फिगर’ पर्यायाने आणि ॲप्टच्या ‘फिक्स-ब्रोकन’ने मार्गी लागली, त्यानंतर ग्राफिक्स ड्रायव्हर परत बसवला. तो कधीच बिघडलेला नव्हता.

पुन्हा होऊ नये म्हणून दोन गोष्टी केल्या. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक ओळ आली: माउंटपॉइंट ही आज्ञा त्या फोल्डरवर चालवायची आणि तिथे डिस्क माउंट नसेल तर तिथूनच बाहेर पडायचं. हे सगळे सुचवतात आणि ते हवंच. पण स्क्रिप्ट उद्या बदलेल, कुणी दुसरं बॅकअप साधन वापरेल, ती ओळ राहीलच असं नाही. मला जास्त भरवशाचा वाटतो तो दुसरा उपाय: डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर या आज्ञेने ‘आय’ हा गुणधर्म द्यायचा, म्हणजे ते अपरिवर्तनीय होतं. मग त्यात रूटलाही फाइल बनवता येत नाही. डिस्क मात्र त्यावर पूर्वीसारखीच माउंट होते, आणि माउंट झाल्यावर लिहिणं डिस्कवर होत असल्याने या गुणधर्माचा अडसर येत नाही. एकदाच करायचं काम, कुठल्याही स्क्रिप्टवर अवलंबून नाही. क्रॉनऐवजी सिस्टिमडीचा टायमर वापरणाऱ्यांना सेवेच्या फाइलमध्ये ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही अट लिहिता येते, तीही चांगली.

क्रॉनचं आउटपुट आता एका लॉग फाइलमध्ये जातं. डिस्क काढून आणि स्क्रिप्टमधली नवी ओळ तात्पुरती झाकून एकदा हाताने चालवून पाहिलं. परवानगी नाही म्हणून आरसिंकला एकही फाइल लिहिता आली नाही, लॉगमध्ये ते उमटलं, आणि डीएफचा आकडा जिथे होता तिथेच राहिला.

हे सगळं ईएक्सटी४ पुरतं आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं. फेडोरा वर्कस्टेशन या दुसऱ्या लिनक्समध्ये ३३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, मूळ निवड बीटीआरएफएस ही वेगळी फाइलसिस्टिम आहे. तिथे ही ५ टक्क्यांची राखीव जागा नाही, आणि डीएफ-डीयूचा फरक स्नॅपशॉटमुळे रोजचाच असू शकतो. २२१ की २३३ हा तर्क तिथे चालणार नाही. दडलेल्या माउंटची गोष्ट मात्र तिथेही लागू आहे.

राहता राहिला ट्यूनटूएफएसचा सल्ला. रूट पार्टिशनवर ५ टक्के तसेच ठेवले. पण बाहेरच्या डिस्कवर ना सिस्टिमच्या सेवा चालतात, ना तिच्यावाचून मशीन अडतं. तिथे राखीव जागेचा काही उपयोग नाही. तिच्यावर तो आकडा शून्य केला आणि १ टीबीच्या डिस्कवर सुमारे ४६ जीबी उपलब्ध जागा वाढली.